कसब गहाण पडू नये

(परदेशी गोद्यांमध्ये जाणारे कुशल कामगार या विषयावर रहिमतपूर येथे युवक व पालकांपुढे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



रहिमतपूर समुद्राकाठी नाही आणि येथून बंदरही जवळ नाही. मग जहाजबांधणीच्या गोदीतील कामगारांचा विषय येथे कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. जहाज समुद्राकाठी बांधले जाते, परंतु ते बांधणारे हात गावागावांतून येतात. कोरेगाव तालुक्यातील मुलगा आयटीआयमधून वेल्डर किंवा फिटर होऊन बाहेर पडतो आणि वर्षा-दोन वर्षांत कोणीतरी सिंगापूरच्या, आखातातल्या किंवा कोरियातल्या गोदीची नोकरी घेऊन त्याच्या घरी येतो. त्या दिवशी घरातील वडीलधारी मंडळी कोणते प्रश्न विचारतात, यावर त्या मुलाची पुढील दहा वर्षे ठरतात.

शिवछत्रपतींचा अनुभव

गोदीसाठी परक्या देशातून कुशल माणसे आणण्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि आरमाराच्या उभारणीला प्रारंभ झाला. युरोपीय बनावटीची लढाऊ जहाजे बांधण्याचे कसब तेव्हा पोर्तुगिजांकडे होते. शिवाजी महाराजांनी रुई लैतांव व्हिएगस याच्या हाताखालील पोर्तुगीज कारागीर कामाला लावले. कुटुंबकबिल्यासह ती तीनशेहून अधिक माणसे होती. ही जहाजे उद्या आपल्यावरच चालून येतील, हे पोर्तुगीज सत्ताधीशांच्या ध्यानात आले. त्यांनी या कारागिरांना फितवले आणि ते काम टाकून निघून गेले. परंतु आरमार थांबले नाही. एतद्देशीय सुतार-लोहारांनी आणि किनाऱ्यावरच्या कोळी-भंडाऱ्यांनी ते उभे केले.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. कसब शिकण्यासाठी परक्याचे साहाय्य घेण्यात महाराजांना कमीपणा वाटला नाही. आणि परका निघून गेल्यावर कसब आपल्या माणसांच्या हाती उरले होते.

आपल्याच रेल्वेमार्गावरची परंपरा

रहिमतपूरहून मिरजेच्या गाडीत बसले, की कराड लागते. त्या स्थानकाशेजारीच ओगलेवाडी आहे. ओगले बंधूंच्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील येथूनच महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. पुढे किर्लोस्करवाडी येते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना मांडला, तेव्हा तेथे तयार कारागीर नव्हते. त्यांनी आसपासच्या खेड्यांतील माणसे घेतली, त्यांना शिकवले आणि त्याच माणसांच्या हातून लोखंडी नांगर घडवले. ओगले आणि किर्लोस्कर या दोन्ही कारखान्यांचा माल विकत गावोगाव फिरलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि ‘कमवा व शिका’ हा मंत्र दिला. हाताचे काम आणि प्रतिष्ठा यांत अंतर नाही, ही शिकवण या परिसराला बाहेरून आणावी लागलेली नाही.

अशा मातीतला कारागीर परदेशी जाताना मात्र कर्जदार होऊन का जातो, हा आजचा खरा प्रश्न आहे.

पास्कागौलाचा धडा

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर २००५ साली कॅटरिना चक्रीवादळाने मोठी हानी केली. समुद्रातील तेलविहिरींचे तराफे दुरुस्त करण्यासाठी मिसिसिपी राज्यातील पास्कागौला आणि टेक्सासमधील ऑरेंज येथील सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीच्या गोद्यांना वेल्डर व पाइप फिटर हवे होते. मुंबईतील एका भरती एजंटामार्फत २००६ च्या अखेरीपासून सुमारे ५०० भारतीय तेथे नेले गेले. अमेरिकेत कायमचे राहता येईल, कुटुंबालाही नेता येईल, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्यासाठी त्यांनी दहा ते वीस हजार डॉलर भरले. कोणी जमीन विकली, कोणी घरातले सोने मोडले, कोणी सावकाराचे दार ठोठावले. हाती पडला तो काही महिन्यांचा तात्पुरता परवाना.

एकेका खोलीवजा डब्यात २४ जणांना राहावे लागले आणि त्या निवाऱ्यापोटी प्रत्येकाच्या पगारातून महिन्याला १,०५० डॉलर कापले गेले. विरोध करावा, तर मायदेशी पाठवले जाण्याची भीती, आणि मायदेशी कर्ज वाट पाहत बसलेले. तरीही २००८ च्या मार्चमध्ये सुमारे शंभर जणांनी गोदीच्या फाटकापुढे हेल्मेट टाकून काम सोडले. पुढे वॉशिंग्टनला जाऊन त्यांनी उपोषण केले. न्यायालयात सात वर्षे गेली. २०१५ च्या फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्समधील ज्यूरीने पाच कामगारांना सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई देण्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, क्षमा मागितली आणि उरलेल्या कामगारांचे दावे मिळून २ कोटी डॉलरवर मिटवले.

या माणसांच्या कसबात उणे काहीच नव्हते. उणे होते ते भरतीच्या व्यवहारात. ज्याला काम हवे, त्यानेच पैसे मोजायचे, ही उलटी रीत त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी गृहीत धरली होती. विमानात पाऊल ठेवण्यापूर्वीच जो लाखो रुपयांनी बुडालेला आहे, त्याला ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. वाईट जेवण, बारा तासांची पाळी, कापलेला पगार असे सगळे तो सोसतो, कारण हप्ता थांबवता येत नाही.

घराने विचारायचे प्रश्न

१९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाने परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली. त्या खालील नियमांनी कामगाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये आणि त्यावरील कर इतकी ठरवली. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहण्याची सोय झाली. हा जुना कायदा बदलण्यासाठी केंद्राने २०२५ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदाही प्रसिद्ध केला.

तथापि एक गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी. उत्प्रवास संरक्षकाची तपासणी ठेवण्यात आली ती प्रामुख्याने दहावी न झालेल्या आणि आखातासारख्या ठरावीक देशांत जाणाऱ्यांसाठी. दहावी होऊन आयटीआय केलेला मुलगा, किंवा सिंगापूर-कोरियाला जाणारा मुलगा, या चाळणीतून जातच नाही. त्याचा करार तपासणारा अधिकारी म्हणजे त्याचे घर.

म्हणून प्रश्न साधे, परंतु ठाम असावेत. एजंटाचा नोंदणी क्रमांक कोणता? दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मिळेल काय? करारावर गोदीच्या मालकाचे नाव आहे, की कोणा तिसऱ्याच पुरवठादाराचे? मूळ पगार किती, जादा कामाचा दर किती, निवास-जेवणापोटी कापणार किती? परवाना कोणत्या प्रकारचा आणि किती महिन्यांचा? पासपोर्ट कोणाजवळ राहणार? या प्रश्नांनी जो एजंट चिडतो, त्याला घरातून चहा देऊन निरोप द्यावा.

माणसे सांभाळण्याची रीत

ज्या उद्योजकांना अशी माणसे पाठवायची आहेत, त्यांच्यावरही जबाबदारी आहे. निवड ओळखीपाळखीने न होता कामाच्या चाचणीने व्हावी. पंचेचाळीस अंशांत स्थिर धरलेल्या नळीचा सांधा जोडून दाखवणे, ही वेल्डरची अवघड परीक्षा मानली जाते. त्या सांध्याची क्ष-किरण तपासणी होते आणि तिथे वशिला चालत नाही. टोळीबरोबर तिची भाषा जाणणारा अनुभवी फोरमन असावा. जहाजाच्या बंद टाक्यांमध्ये प्राणवायू कमी असू शकतो, ज्वालाग्राही वायू साचू शकतो. आत उतरण्यापूर्वी हवेची तपासणी झालीच पाहिजे. ती झालेली नसेल तर ‘मी उतरणार नाही’ असे कामगाराने आपल्या भाषेत म्हणावे आणि ते ऐकले जावे, अशी व्यवस्था हवी. पगार थेट बँकेत जावा. दिवाळी-गणेशोत्सवाला चार माणसे एकत्र यावीत, आजारी माणसाची चौकशी व्हावी. परमुलखात एकटा पडलेला माणूस लवकर फसतो.

याच सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या हमालांना टोळी-मुकादमाच्या मुठीतून सोडवले. १९६९ च्या माथाडी कायद्याने कामगार आणि मालक या दोघांची नोंद केली, मजुरी मंडळामार्फत देण्याची पद्धत घातली. मधल्या माणसाची मूठ सैल करण्याचा हा मार्ग आपल्याच मातीतला आहे. परदेशी भरतीतही तोच विचार नेता येईल.

कसब घरी परतावे

दक्षिण कोरियातील ह्युंदाईने १९७२ मध्ये उल्सान येथे गोदी उभारायला घेतली, तेव्हा तिला मोठ्या जहाजाचा अनुभव नव्हता. स्कॉटलंडच्या स्कॉट लिथगो गोदीकडून आराखडे घेतले, माणसे तेथे शिकायला पाठवली आणि १९७४ मध्ये पहिले महाकाय तेलवाहू जहाज पाण्यावर आले. शिकलेली माणसे परत आली आणि परतल्यावर त्यांच्या हातांना काम मिळत राहिले, हे या यशाचे मर्म आहे.

भारताने याच्या उलट अनुभवही घेतला. १९८१ च्या करारानुसार माझगाव गोदीतील माणसे जर्मनीत पाणबुडी बांधणी शिकून आली. शाल्की १९९२ मध्ये आणि शंकुल १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली. त्यानंतर नवे काम मिळाले नाही आणि शिकलेले हात पांगले. पुढील करार २००५ मध्ये झाला आणि कलवरी २०१७ च्या डिसेंबरमध्ये नौदलात आली. वेल्डरने सहा महिने सांधा जोडला नाही, तर त्याचे प्रमाणपत्र बाद ठरते. राष्ट्राच्या कसबालाही हाच नियम लागू आहे.

आता चित्र बदलू लागले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये माझगाव डॉकने श्रीलंकेतील कोलंबो डॉकयार्डमध्ये नियंत्रक हिस्सा घेण्याची घोषणा केली. म्हणजे परदेशी गोदीत मालकाच्या खुर्चीत बसण्याची वेळ भारतीयांवरही येत आहे. पास्कागौलात आपल्या माणसांशी जे घडले, ते आपल्या हाताखालच्या परक्या कामगाराशी घडू न देणे, ही आपल्या संस्कारांची कसोटी ठरेल.

भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमदिन म्हणून पाळतो. येत्या विश्वकर्मा जयंतीला रहिमतपूर आणि आसपासच्या गावांनी एवढे करावे : परदेशी गेलेल्या कारागिरांची नोंद करावी, परतलेल्यांना आयटीआयच्या मुलांपुढे बोलावावे आणि नव्याने निघालेल्या मुलाचा करार त्यांच्यापैकी दोघांनी वाचल्याशिवाय त्याला निरोप देऊ नये.