बॉम्ब नसलेल्यांनी बॉम्बबद्दल बोलावं का?

आजच्या भागाचा विषय ऐकून एक मित्र म्हणाला, "काहून बे, इकडे जंगलात बसून अणुबॉम्बचं काय करून राहिला तू?" प्रश्न बरोबर आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत आपल्याकडे वाघ आहे, कोळसा आहे, धूळ आहे, बंदुकीची भीती आपण पाहिली आहे. अणुबॉम्ब दिल्लीवाल्यांचा विषय. पण नेमका हाच प्रश्न आफ्रिकेतल्या लोकांना सत्तर-पंचाहत्तर वर्षं विचारला गेला, की तुमच्याकडे बॉम्ब नाही तर तुम्ही मध्ये कशाला बोलता? आणि ते बोलले. त्यातला एक माणूस तर आपल्या शेजारी येऊन गेला.

बल्लारशाहवरून गाडीत बसा, चंद्रपूर, भांदक, वरोरा, हिंगणघाट करत सेवाग्राम येतं. तिथे डिसेंबर १९४९ मध्ये जगभरातल्या युद्धविरोधी लोकांची परिषद भरली होती. आधी शांतिनिकेतन, मग वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात सेवाग्राम. मूळ बेत गांधीजींसोबत बसून बोलायचा होता, पण जानेवारी १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. तरी लोक आले, तीसपेक्षा जास्त देशांतून. वेळ बघा कशी होती. हिरोशिमाला चार वर्षं झाली होती, आणि चारच महिन्यांपूर्वी, २९ ऑगस्टला, रशियाने आपला पहिला अणुस्फोट केला होता. म्हणजे बॉम्ब आता एकट्या अमेरिकेचा राहिला नव्हता, शर्यत लागली होती.

त्या परिषदेला दक्षिण आफ्रिकेतून चौसष्ट वर्षांचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते, डेव्हिडसन डॉन टेंगो जबावू. फोर्ट हेअर इथल्या कॉलेजात १९१६ पासून शिकवणारे, तिथले पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक. लंडन विद्यापीठाची इंग्रजीची पदवी. मायदेशी एक वर्षापूर्वीच, १९४८ मध्ये, वर्णभेदाचं सरकार आलेलं. स्वतःच्या देशात ज्याला धड मत नाही, तो माणूस समुद्र ओलांडून जगाच्या शस्त्रांबद्दल बोलायला वर्ध्याला येतो. मला ही गोष्टच आधी खरी वाटेना.

परत जाऊन त्यांनी प्रवासावर पुस्तक लिहिलं, १९५१ मध्ये, आणि ते इंग्रजीत नाही तर आपल्या खोसा भाषेत. भामरागडच्या एखाद्या गुरुजींनी जग फिरून यावं आणि माडियात पुस्तक लिहावं, तसं. का, तर जगाच्या गोष्टी आपल्या लोकांना आपल्या बोलीत कळाव्यात म्हणून. आता ते पुस्तक खोसा आणि इंग्रजी दोन्हींत मिळतं. पण आपल्या सेवाग्रामची ही गोष्ट मराठीत किती जणांना माहीत आहे?

आता जरा आफ्रिकेत जाऊ. हिरोशिमाच्या बॉम्बसाठी लागलेलं युरेनियम कुठून आलं? बरंचसं बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोमधून, शिंकोलोब्वे नावाच्या खाणीतून. एका बेल्जियन कंपनीने १९४० मध्येच तिथली हजार टनांहून जास्त कच्ची धातू न्यूयॉर्कला नेऊन ठेवली होती. खोदणाऱ्या माणसांना आपण काय खोदतोय हे कुणी सांगितलं नाही. खाणीच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना ही गोष्ट जास्त समजावून सांगायला नको. माल इथून जातो, पुढे त्याचं काय होतं हे ठरवणारी खोली कुठेतरी दुसरीकडे असते.

मग १९५९. फ्रान्सने ठरवलं की आपल्या बॉम्बची चाचणी अल्जीरियातल्या सहारा वाळवंटात करायची. म्हणजे बॉम्ब पॅरिसचा आणि धूळ आफ्रिकेची. घाना तेव्हा नुकताच स्वतंत्र झालेला. तिथल्या अक्रा शहरातून एक तुकडी निघाली, चाचणीच्या जागेपर्यंत जाऊन बसायचं म्हणून. बहुतेक घानाचे लोक, सोबत आफ्रिकेतल्या इतर देशांचे, काही ब्रिटिश, आणि अमेरिकेतला गांधीवादी कार्यकर्ता बेयर्ड रस्टिन. सत्याग्रहच होता तो, जीपमधून निघालेला. सीमेपलीकडे फ्रेंच हद्दीत त्यांना अडवलं आणि मागे पाठवलं. १३ फेब्रुवारी १९६० ला स्फोट झालाच, हिरोशिमाच्या कितीतरी पट मोठा. घानाच्या एन्क्रूमांनी फ्रेंचांची संपत्ती गोठवली. फ्रान्सने मात्र १९६६ पर्यंत सहारात एकूण सतरा स्फोट केले.

म्हणजे हरले का? त्या दिवशी, हो. पण १९६४ मध्ये आफ्रिकी देशांच्या संघटनेने कैरोत जाहीर केलं की आमचा खंड अण्वस्त्रमुक्त हवा. त्याचा करार व्हायला १९९६ उजाडलं, आणि तो लागू झाला २००९ मध्ये. पंचेचाळीस वर्षं. रील बघणाऱ्या आपल्या पिढीला हा आकडा जड जातो, मलाही जातो.

उशीर का झाला याचं एक मोठं कारण दक्षिण आफ्रिका. वर्णभेदी सरकार स्वतःच चोरून बॉम्ब बनवत होतं. आणि इथे येतो माझा आवडता माणूस, रेनफ्रू ख्रिस्ती. गोरा, अभ्यासू, पण मंडेलांच्या एएनसीसाठी गुपचूप काम करणारा. ऑक्सफर्डला त्याने पीएच.डी.चा विषय घेतला, दक्षिण आफ्रिकेच्या विजेचा इतिहास. इतका कंटाळवाणा विषय की सरकारी वीज कंपनीची कागदपत्रं त्याला बघायला मिळाली. युरेनियम शुद्ध करायला प्रचंड वीज लागते. मग कुठे किती वीज जाते याचा हिशोब लावला की बॉम्बचा अंदाज येतो! आपल्या ऊर्जानगरच्या २,९२० मेगावॅटच्या धुराखाली वाढलेल्या माणसाला हे लगेच पटेल, विजेचा हिशोब सगळं सांगून टाकतो. १९७९ मध्ये त्याला पकडलं, दहा वर्षांची शिक्षा झाली, सात वर्षं तुरुंगात काढली.

बाहेरून दुसरा माणूस लढत होता, अब्दुल मिंटी, भारतीय वंशाचे दक्षिण आफ्रिकी. वर्णभेदी सरकारला कुठल्याही देशाने अणुतंत्र देऊ नये, यासाठी ते वर्षानुवर्षं कागदपत्रं जमवत, सरकारांच्या दारात जात राहिले. हेच मिंटी पुढे स्वतंत्र दक्षिण आफ्रिकेचे राजनैतिक अधिकारी झाले आणि अणुऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत देशाची बाजू मांडू लागले.

२४ मार्च १९९३ ला राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत सांगितलं, आम्ही सहा बॉम्ब बनवले होते, ते मोडून टाकले. स्वतः बनवलेले बॉम्ब स्वतः पूर्ण मोडणारा हा जगातला एकमेव देश. यात सगळं मोठेपणच होतं असं नाही हां. काळ्या लोकांच्या सरकारच्या हाती बॉम्ब पडू नये हाही हिशोब असावा, असं बरेच अभ्यासक म्हणतात, आणि मला ते पटतं. पण मंडेलांच्या सरकारनेही बॉम्ब परत मागितला नाही. ७ जुलै २०१७ ला संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रबंदीचा करार १२२ देशांनी मंजूर केला, त्यात आफ्रिकी देशांचा वाटा मोठा होता. भारत त्या बैठकांना गेला नाही. अण्वस्त्रं असलेला एकही देश गेला नाही.

आता डॉक्टरांकडे येतो, कारण गडचिरोलीशी त्यांचं बोलणं थेट जुळतं. अणुयुद्धाविरुद्ध डॉक्टरांची एक जागतिक संघटना आहे, तिला १९८५ चं शांततेचं नोबेल मिळालं. झांबियाचे डॉक्टर बॉब म्टोंगा तिचे सहअध्यक्ष होते. या संघटनेतल्या आफ्रिकी डॉक्टरांनी एक गोष्ट लावून धरली, की अणुबॉम्ब पडेल तेव्हा पडेल, आमच्या वॉर्डात रोज येते ती बंदुकीची गोळी. दोन्हींबद्दल बोला. केनियाचे शल्यचिकित्सक वॉल्टर ओढियाम्बो यांनी काँगोतल्या एका मुलावर उपचार केले, जबड्यात एक गोळी लागलेली. खर्च साधारण सहा हजार डॉलर. मग त्यांनी हिशोब मांडला, एवढ्यात शंभर मुलांचं वर्षभराचं प्राथमिक शिक्षण झालं असतं. भाषण नाही, घोषणा नाही. हॉस्पिटलचं बिल.

आणि आपल्याकडे? भद्रावतीला आयुध निर्माणी आहे. तिथे अणुबॉम्ब नाही, साधा दारूगोळा बनतो. एकीकडे विजासनची बौद्ध लेणी, एकीकडे ही फॅक्टरी. तिथल्या पगारावर किती घरं उभी राहिली, आयटीआय झालेली किती पोरं तिथल्या जागांची वाट बघतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांना "शस्त्रं वाईट" म्हणून ज्ञान देणं मला जमणार नाही. पण हेही खरं की मे २०१६ मध्ये पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली, त्यात पंधराहून जास्त माणसं गेली, आणि पुलगाव त्याच वर्धा जिल्ह्यात आहे जिथे जबावू आले होते. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट झाला, किमान आठ कामगार गेले. तेव्हा बातम्या आल्या, भरपाई जाहीर झाली, आणि विषय संपला. शस्त्र शत्रूवर पडायच्या आधी बनवणाऱ्याच्या घरावर पडतं, त्याचा हिशोब कोण ठेवतं? ओढियाम्बोंनी ठेवला तसा, रुपयांत, नावानिशी?

म्हणून यावेळी एक काम सांगतो. भद्रावती, पुलगाव, जवाहरनगर, कुठल्याही निर्माणीच्या कॉलनीत वाढलेलं कुणी ऐकत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. तुमच्या घरी या कामाबद्दल काय बोललं जायचं? आई सायरन ऐकून काय करायची? नाव सांगायचं नसेल तर नका सांगू. वऱ्हाडीत बोला, गोंडीत बोला, तेलुगूत बोला, चालेल. पुढच्या भागात तेच ऐकू.