हाक आणि चेंडू
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात म्हैसूर येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी वक्त्याने साहित्य-संस्कृतीवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही मात्र आज खेळावर बोलणार आहोत. त्यातील बोध मंडळाच्याच उपयोगाचा आहे, तो शेवटी आपल्यापुढे ठेवू.

मागील उन्हाळ्यात अमेरिकेतील आमचा नातू सुटीसाठी येथे आला होता. तिकडच्या फुटबॉलचे त्याला भारी वेड. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू कधीकधी फार लांबवर चेंडू फेकतो. तो आपल्या गड्याने झेलला, की सारे क्रीडांगण डोक्यावर घेतले जाते. आम्ही म्हटले, “काय हात आहे!” नातू हसून म्हणाला, “आजोबा, नुसता हात नव्हे. कोणता डाव केव्हा खेळायचा हे आधी ठरलेले असते. चेंडू धावणाऱ्याच्या हाती देण्याचे नाटक केले, की प्रतिपक्षाचे गडी पुढे धावतात आणि मागचे मैदान मोकळे पडते. मग लांबचा फेक साधतो. डाव चुकीचा सांगितला, तर तोच हात फसतो.”

हे ऐकताच आम्हांस आपल्या म्हैसूरच्याच एका सुपुत्राचे स्मरण झाले. भागवत चंद्रशेखर यांचा जन्म १७ मे १९४५ रोजी याच नगरीत झाला. बालपणी पोलिओने त्यांचा उजवा हात दुबळा केला. मैदानात चेंडू फेकायचा तो डाव्या हाताने. गोलंदाजी मात्र त्या कृश उजव्या हातानेच! त्यांची गुगली आणि टॉपस्पिन हे चेंडू फिरकी गोलंदाजाच्या मानाने फार वेगाने येत. त्यातही एक विशेष जलद चेंडू असे. तो साधला तर यष्ट्या उडत. टप्पा चुकला तर चौकार ठरलेला. क्वार्टरबॅकच्या लांब फेकीचा हा सख्खा भाऊच म्हणावा.

१९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यानंतर चंद्रशेखर साडेतीन वर्षे कसोटी संघाबाहेर होते. १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यात ते परतले. कर्णधार होते मुंबईचे अजित वाडेकर. ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीत इंग्लंडने पहिल्या डावात ३५५ धावा केल्या. त्यात चंद्रशेखरांना ७६ धावांच्या मोबदल्यात दोनच बळी मिळाले. भारताचा डाव २८४ धावांत आटोपला, म्हणजे आपण ७१ धावांनी मागे! अशा वेळी सावध कर्णधार काय करील? धावा रोखणाऱ्याच्या हाती चेंडू देईल आणि गडी दूरवर पांगवील. वाडेकरांनी तसे केले नाही. चेंडू चंद्रशेखरांच्या हाती राहिला, आणि एकनाथ सोलकर फलंदाजापासून अवघ्या दोन पावलांवर, फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे राहिले. त्या काळी डोक्यावर शिरस्त्राणही नसे.

आता तो प्रसंग ऐका. जॉन एड्रिच फलंदाजीस होते. चंद्रशेखर गुगली टाकण्याच्या बेतात होते. इतक्यात दिलीप सरदेसाईंनी हाक दिली, “मिल रीफ टाक!” मिल रीफ हा त्या वर्षीची डर्बी शर्यत जिंकलेला घोडा. घोडा इंग्लंडच्या शर्यतीतला, नाव इंग्लंडला पाठ. पण त्याचा अर्थ तेवढा आपल्या गड्यांपुरता, ‘तुझा सर्वांत वेगवान चेंडू!’ चंद्रशेखरांनी बेत बदलला. एड्रिचची बॅट खाली येण्यापूर्वीच यष्टी उडाली. पुढच्याच चेंडूवर कीथ फ्लेचर यांचा झेल सोलकरांनी टिपला. उपाहाराला इंग्लंड ३ बाद २४!

पुढचे वर्णन विस्ताराने नको. इंग्लंडचा डाव १०१ धावांत संपला. चंद्रशेखरांनी १८.१ षटकांत ३८ धावांत ६ बळी घेतले. भारताने १७३ धावांचे लक्ष्य सहा गडी गमावून गाठले आणि इंग्लंडच्या भूमीवर पहिलाच मालिकाविजय मिळविला. तो दिवस २४ ऑगस्टचा, गणेशचतुर्थीचा. त्या दिवशी ओव्हलवर बेला नावाची हत्तीणही आणली होती. परमुलखात गणपती बसविणाऱ्या आपल्यासारख्यांना याहून मोठा शुभशकुन कोणता?

मग श्रेय कोणाचे? चेंडू चंद्रशेखरांचा, यात शंका नाही. तो हात नसता, तर हजार हाका व्यर्थ होत्या. परंतु त्या चेंडूमागे आणखी तीन गोष्टी होत्या. दुसऱ्या टोकाकडून वेंकटराघवन यांनी २० षटकांत अवघ्या ४४ धावा दिल्या. त्यामुळे एका बाजूने जोखीम घेता आली. सोलकर जवळ उभे होते; त्यामुळे फलंदाज निर्धास्तपणे पुढे येऊ शकला नाही. आणि तिसरी, सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पहिल्या डावातल्या ७६ धावा कर्णधाराने गोलंदाजाच्या तोंडावर मारल्या नाहीत. जो डाव सांगतो, त्याने तो फसल्यास त्याची किंमतही मोजायची असते. गोलंदाजास हे ठाऊक असले, तरच त्याचा हात मोकळा सुटतो. पुढे १९७२-७३ साली मायदेशी इंग्लंडविरुद्ध चंद्रशेखरांनी ३५ बळी घेतले, तेव्हाही कर्णधार वाडेकरच होते.

मंडळी, आता आमच्या पदरची एक कबुली. आपण ज्येष्ठ मंडळी तरुणांना नेहमी म्हणतो, “काही नवे करा, मोठे करा.” पण त्यांनी नव्या नाटकाचे नाव काढले, की आम्हीच विचारतो, “तिकिटे खपतील का? कोणी नावे ठेवणार नाही ना?” म्हणजे हाक मिल रीफची, आणि गडी सारे सीमारेषेवर! एकदा प्रयोग फसला, तर पुढची दहा वर्षे त्याची आठवण करून देण्यात आम्हीच पुढे असतो. मग ती मुले सभागृहाच्या मागच्या रांगेत बसू लागतात आणि पुढे येईनाशी होतात. आपल्या गावापासून इतक्या दूर मराठी टिकवायची असेल, तर ही गळती परवडणारी नाही.

वाडेकर, सरदेसाई, सोलकर आज आपल्यात नाहीत. एक कर्णधार मुंबईचा, हाक देणारा गोव्यात जन्मलेला, आणि चेंडू टाकणारा या म्हैसूरचा. भाषा निराळ्या, पण हाक नेमकी पोहोचली. आपल्या घरात तर बोलीही एकच आहे. पुढील पन्नास वर्षांचा चेंडू तरुणांच्या हाती देऊ या, दुसरे टोक आपण सांभाळू या आणि झेल टिपायला जवळ उभे राहू या. चौकार गेला, तर तो आपल्या नावावर मांडू.