किल्ला पडला, धर्मग्राम टिकले

वसईचा किल्ला पाहायला गेलेली मंडळी तिथल्या चर्चच्या पडक्या भिंतींपुढे उभी राहतात, फोटो काढतात आणि परततात. उत्तरेकडे वाड्यांमधून जाणारी वाट फार थोडे धरतात. त्या बाजूला गास, निर्मळ, नंदाखाल ही गावे आहेत आणि तिथली चर्च रविवारी पहाटे माणसांनी भरतात.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. मिशनरी आले आणि गावोगाव धर्मग्राम (पॅरिश) उभे राहिले. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानातल्या नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. गासचे चर्च त्यांच्याच नावाने आहे.

१७३९ मध्ये मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून किल्ला जिंकला. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही आहेत. पोर्तुगीज सत्ता गेली, युरोपीय मिशनरी गेले. किल्ल्यातल्या भव्य वास्तू ओस पडल्या, कारण त्यांचा आधार राजसत्ता होती. गावातल्या चर्चना मात्र शेतकऱ्यांचा आधार होता. भात, केळी, विड्याची पाने पिकवणाऱ्या कुटुंबांनी देशी धर्मगुरूंच्या साथीने ती सांभाळली. वसईच्या इतिहासात लढाईला मिळाला तेवढा मान या चिकाटीला मिळाला नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

उपासनेची भाषा मात्र शतकानुशतके लॅटिन होती. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून मिस्सा हा उपासनाविधी अर्पण करत आणि बाकांवरची आजी हातातली जपमाळ ओढत राही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेला वेदीपाशी जागा मिळाली. मग वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली. घरात सामवेदी बोली बोलणारा कुपारी समाजातला शेतकरी चर्चमध्ये प्रमाण मराठीत प्रार्थना म्हणू लागला. मराठी भाषेच्या दृष्टीने ही घटना फार मोलाची आहे.

या बदलाचे फळ नंदाखालने दाखवले. पवित्र आत्म्याला वाहिलेल्या चर्चच्या या गावात फादर फ्रान्सिस दिब्रिटो वाढले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन त्यांनी अनेक वर्षे केले. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

धर्मग्रामाचे वर्ष उपासनेच्या ऋतूंवर चालते. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागते आणि उपवासकाळ सुरू होतो. झावळ्यांचा रविवार येतो, शुभ शुक्रवारी घंटा मुक्या असतात, पुनरुत्थानाच्या रात्री मेणबत्त्या पेटतात. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, आणि डिसेंबरात घरोघर गव्हाणी सजतात. आळीतल्या क्रुसापुढे जमून प्रार्थना म्हणण्याची रीतही जुनीच.

चर्चच्या कपाटात याशिवाय एक ठेवा असतो, तो नोंदवह्यांचा. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाची नोंद सक्तीची केली. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या अशा नोंदींत साध्या माणसांची नावे टिकतात.

वसईकर श्रोत्यांनो, तुमच्या घरी जुनी प्रार्थनापुस्तके असतील, लग्नाचे फोटो असतील, आजीच्या तोंडी सामवेदी गाणी असतील. त्यांच्या प्रती काढा, गाणी ध्वनिमुद्रित करा आणि आपल्या धर्मग्रामाच्या स्वाधीन करा.