सोन्या : युद्धकाळातील एक गुप्त जीवन

स्त्री-हेर म्हटले की माताहारीचे नाव पुढे येते. १९१७ साली फ्रान्समध्ये गोळ्या घालून ठार करण्यात आलेल्या त्या नर्तकीभोवती भांडवली वृत्तपत्रांनी सौंदर्य, मोह व विश्वासघात यांची आख्यायिका रचली आणि चित्रपटांनी ती जोपासली. उर्सुला कुचिन्स्की यांचे जीवन या आख्यायिकेला सर्वस्वी छेद देणारे आहे. तेथे दिसते ती एक गृहिणी, तिची तीन मुले आणि रात्री चालणारे बिनतारी संदेशयंत्र.

उर्सुला यांचा जन्म १५ मे १९०७ रोजी बर्लिनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. वडील नामवंत सांख्यिकीतज्ज्ञ होते. १९२६ साली त्या जर्मन कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद झाल्या. १९३० साली वास्तुशिल्पी पती रुडॉल्फ हाम्बुर्गर यांच्यासह त्या शांघायला गेल्या. बर्लिनमध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांची सहचारिणी राहिलेल्या आणि हिंदी क्रांतिकारकांना निकटच्या असलेल्या अमेरिकन लेखिका ॲग्नेस स्मेडली त्या वेळी तेथेच होत्या. त्यांनीच उर्सुला यांची रिखार्ड झोर्गे यांच्याशी गाठ घालून दिली. झोर्गे यांच्या गुप्त बैठका उर्सुला यांच्या घरी होऊ लागल्या. ‘सोन्या’ हे नाव तेव्हापासूनचे.

१९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी संदेशयंत्राचे शिक्षण घेण्यासाठी सोन्यांना मॉस्कोला बोलावण्यात आले. दोन वर्षांचा मुलगा बरोबर नेता येईना, कारण तो रशियन बोलू लागला असता तर आईचे गुपित उघड झाले असते. त्याला आजी-आजोबांकडे ठेवून त्या गेल्या. युद्धातील त्याग केवळ रणांगणावरच होतो, असे मानणाऱ्यांनी या मातेच्या वियोगाचा विचार करावा.

पुढे जपानव्याप्त मांचुरियातील मुकदेन येथे त्यांनी चिनी गनिमांशी संपर्क ठेवला. १९३८ पासून त्या स्वित्झर्लंडमध्ये होत्या. १९४० साली स्पेनच्या लढ्यात लढलेले ब्रिटिश साथी लेन ब्यूर्टन यांच्याशी विवाह झाल्याने त्यांना ब्रिटिश पारपत्र मिळाले आणि १९४१ साली त्या इंग्लंडमध्ये पोहोचल्या. ऑक्सफर्डच्या परिसरातील घरात दिवसा मुलांचे संगोपन व स्वयंपाक, तर रात्री मॉस्कोशी संदेशांची देवाणघेवाण, असा त्यांचा क्रम होता. १९४२-४३ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस फुक्स यांनी अणुबाँबच्या संशोधनाची माहिती त्यांच्याच हाती दिली. सोव्हिएत संघ युद्धाचा प्रचंड भार वाहत असतानाही दोस्तराष्ट्रांनी हे संशोधन त्याच्यापासून दडवून ठेवले होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

१९४७ साली ब्रिटिश गुप्तचर त्यांच्या घरी आले, परंतु सोन्यांनी सहकार्य करण्यास नकार दिला. १९५० साली फुक्स यांना अटक झाल्यानंतर त्या जर्मन लोकशाही प्रजासत्ताकात निघून गेल्या. तेथे रूट वेर्नर या नावाने त्यांनी लेखन केले. १९७७ साली त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. ७ जुलै २००० रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

परंतु कॉम्रेड्स, केवळ गौरव करून थांबणे हे सत्याशी प्रतारणा करण्यासारखे होईल. झोर्गे यांना जपानी शासनाने १९४४ साली फाशी दिली. तो शत्रूचा घाव होता. मात्र हाम्बुर्गर, ज्यांनी स्वतःही सोव्हिएत संघासाठी गुप्त कार्य पत्करले होते, त्यांना १९४३ साली सोव्हिएत भूमीतच अटक झाली आणि श्रमछावणीत अनेक वर्षे काढावी लागली. १९५५ मध्येच ते जर्मनीला परतू शकले. हा घाव आपल्याच बाजूचा होता. ज्यांनी विश्वासाच्या बळावर सर्वस्व दिले, त्यांच्यावर संशयाची कुऱ्हाड चालविणाऱ्या व्यवस्थेचा हिशेब चळवळीने स्वतःच मांडला पाहिजे. तो शत्रूवर सोपविता येणार नाही.

सोन्यांच्या जीवनाचे मोल त्यामुळे उणावत नाही. कोणत्याही मोबदल्याच्या अपेक्षेने नव्हे, तर फॅसिझम रोखला पाहिजे या निश्चयाने एका स्त्रीने वीस वर्षे हे ओझे वाहिले. तिचे स्मरण करताना तिच्या धैर्याबरोबरच त्या धैर्याची किंमत चुकविणारी माणसेही स्मरणात ठेवणे, हेच तिला खरे अभिवादन ठरेल.