वीतभर गाडी



या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, शेती असे भारदस्त विषय शोभतात. आम्ही मात्र आज आपणांसमोर खेळण्यातल्या मोटारींविषयी बोलणार आहोत. पिकल्या केसांच्या माणसाने चार व्याख्याने ऐकावीत, खेळण्यातला ट्रक रंगवीत बसू नये, असे आमच्या घरीही म्हणतात. तेव्हा आधी या छंदाचे कूळ सांगतो, मग त्याची रीत, आणि शेवटी आम्हांस खरोखर जे सांगायचे आहे ते.

कूळ फार जुने आहे. 1974 साली श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठच्या दायमाबाद गावी, काही ब्रॉन्झच्या मूर्ती सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ आहे. बहुतेक संशोधक तो उत्तर हडप्पा काळातला मानतात. रथात माणूस उभा आहे हे तर झालेच; पण त्या कारागिराने रथाच्या दांडीवर एक कुत्रेही उभे केले आहे. कुत्र्यावाचून रथ अडला नसता. तरीही ते तिथे आहे, कारण कारागिराने गाड्याबरोबर कुत्रे पाहिले असले पाहिजे. आमच्या मते या छंदाचे सारे मर्म त्या कुत्र्यात आहे.

आणखी जवळ यावयाचे तर निर्मळ आहे. 1956 पर्यंत आपला किनवट तालुका हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. निर्मळही त्याच जिल्ह्यात. पोनिकीच्या हलक्या लाकडाचे तुकडे कोरायचे, चिंचोक्यांची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लुकणाने सांधायचे, आणि मग रंग द्यायचा, ही तिथल्या कारागिरांची रीत. रंगाआधी लुकण, ही शिस्त आपल्या शेजारीच होती.

विलायतेत 1953 साली काडेपेटीत मावणाऱ्या मोटारींची ‘मॅचबॉक्स’ ही मालिका निघाली. तिचे जनक जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती, म्हणून त्यांनी तिला एक इवलासा रोडरोलर करून दिला, असे सांगतात. 1968 साली अमेरिकेत ‘हॉट व्हील्स’ आल्या. आज त्या आपल्याकडेही दुकानांत टांगलेल्या दिसतात. पण दुकानातली गाडी सर्वांची सारखी असते. तिला आपली करावयाची, तर तिथून पुढचे काम हाताचे.

हे काम कसे करतात? गाडीच्या पोटाखाली रिव्हेट असतात. त्या बारीक ड्रिलने पोखरल्या की वरचे कवच आणि खालचा सांगाडा वेगळे होतात. कवचावरचा कारखान्याचा रंग पूर्ण उतरवावा लागतो. आम्ही प्रथम हा आळस केला. जुन्या इनॅमलवरच ड्युकोचा हात दिला. त्यातल्या थिनरने खालचा रंग उचलला, आणि सकाळी पाहतो तो ट्रकच्या अंगावर सायीसारख्या सुरकुत्या! रंग उतरवून, घासून, प्रायमर देऊन मगच रंग द्यावा, तोही पातळ. यामागे साधे त्रैराशिक आहे. आमची गाडी खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शाची. तिच्यावर एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर बसला, तर खऱ्या गाडीच्या मापाने तो सहा मिलिमीटरांहून जाड, म्हणजे पाव इंचाचे लिंपण झाले! दाराच्या फटी आणि पत्र्याचे सांधे त्यात बुजून जातात.

बाकी साहित्य घरचेच. दिव्यांना चमकीची टिकली, आरशांना चहाच्या पुड्यातली चांदी, टपावरच्या शिडीला तार, काचांना जुन्या एक्स-रेची धुतलेली फिल्म. ट्रकला मागे काळा गोंडा, पुढे लिंबूमिरची. आणि शेवटी धूळ. खडूची पूड व गेरू मिसळून धूळ करता येते. पण ती कुठली ते कळले पाहिजे. आपल्याकडच्या गाडीच्या चाकांवर कोकणातली तांबडी माती दिसली, तर ती गाडी खोटी.

इथून हा छंद थोडा अवघड होतो. कारण सुंदर करणे वेगळे आणि खरे करणे वेगळे. एक उदाहरण देतो. 1954 साली टाटांनी जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक होऊ लागले. त्यांच्या नाकावर तीन टोकांचा तारा असे. 1969 साली करार संपला आणि तिथे टाटांचे अक्षर आले. तेव्हा आमच्या तळहातावरच्या ट्रकला तारा लावायचा की अक्षर, हा शोभेचा प्रश्न नव्हे; इतिहासाचा आहे. तसेच एस्. टी.चे. तिच्या नंबरात एम्. एच्. वीस असेल तर साधारणपणे ती चिकलठाण्याच्या कार्यशाळेत बांधलेली, चौदा असेल तर दापोडीची, चाळीस असेल तर नागपूरजवळच्या हिंगण्याची. असे बारकावे जाणणारी कितीतरी तरुण मुले आज महाराष्ट्रात आहेत. ती पुठ्ठा आणि सनबोर्ड कापून हुबेहूब लाल गाड्या करतात. दुकानात एस्. टी. सहसा मिळत नाही, म्हणून ती अथपासून इतिपर्यंत घरीच करावी लागते.

आम्हीही एक केली. ती आज सोबत आणली आहे; आपण हाती घेऊन पाहावी. अकरा मीटरांची गाडी चौसष्ट पटींनी लहान केली, की सव्वासतरा सेंटिमीटरांची होते, वीतभरही नाही. भोकर-हिमायतनगरमार्गे नांदेड, अशी तिची पाटी आहे. खिडक्यांचे गज, बाके, सुटे चाक, सारे करून झाल्यावर आम्हांस थोडा गर्व झाला. आमच्या शेजारी एस्. टी.चे एक निवृत्त चालक राहतात. त्यांना गाडी दाखवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, खिडकीतून आत पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, “सगळं केलं बघा तुम्ही, पण घंटीची दोरी कुठंय? दोरी नाही, तर गाडी सुटायची कशी?”

छताखालून मागपासून पुढपर्यंत जाणारी ती दोरी! वाहकाने एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. आम्ही उभ्या जन्मात शेकडो वेळा त्या दोरीखाली बसलो, उभे राहिलो, आणि ती कधी पाहिलीच नव्हती. चालक महाशय मात्र वर्षानुवर्षे त्याच दोरीच्या आवाजावर गाडी हाकत होते. मग ते बोलू लागले. पावसाळ्यात कोणत्या नाल्यावर गाडी थांबवून ठेवावी लागे, घाटात कोणता गिअर, गर्दीत घंटी ऐकू आली नाही तर वाहक पत्र्यावर थाप कशी मारी... दोन तास गेले. इतकी वर्षे शेजार असून हे आम्ही त्यांना कधी विचारले नव्हते.

म्हणून सांगावयाचे ते एवढेच. खऱ्या गाड्या राहत नाहीत. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरात गेली. अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाच्या एस्. टी. गाड्यांची जागा गेल्या काही वर्षांत पोलादी अंगाच्या गाड्या घेत आहेत. जुनी गाडी भंगारात जाते. तिचे छायाचित्र उरते, हे खरे. परंतु छायाचित्र काढणाऱ्याला दोरी ठाऊक असावी लागत नाही. गाडी घडवणाऱ्याला ती ठाऊक करून घ्यावीच लागते. आणि ते ज्ञान पुस्तकांत सापडत नाही. ते निवृत्त चालकांपाशी, वाहकांपाशी, कार्यशाळेतल्या पत्रेवाल्यांपाशी, सागवानाच्या मोळ्या वाहणाऱ्या ट्रकवाल्यांपाशी आहे. ती माणसे आपल्याच गल्लीत राहतात, आणि तीही थकत चालली आहेत.

तेव्हा घरातले पोर पुठ्ठा कापून गाडी करीत बसले, तर त्याला उठवू नका. त्याला एवढेच विचारा, “ही कोणती गाडी? कुठे जाते?” त्याला सांगता आले नाही, तर त्याचे बोट धरून शेजारच्या म्हाताऱ्या चालकाकडे घेऊन जा.

दोरी आम्ही बसवली आहे. साधा शिवणाचा दोरा आहे तो. गाडी हातोहात फिरते आहे. सर्वांनी खिडकीतून आत जरूर पाहावे. आणि आणखी काही राहिले असेल, तर जाण्यापूर्वी आम्हांस सांगावे.