आधी कान, मग पेडल

अमेरिकन कंट्री गाण्यांत मागून एक हुंदक्यासारखा सूर वाकत वाकत येतो. तो पेडल स्टील गिटारचा. हे वाद्य टेबलासारखं पायांवर उभं असतं. त्याला साधारणपणे दहा तारा, खाली तीन पेडल आणि गुडघ्यांनी हलवायच्या तरफा असतात. वादकाच्या डाव्या हातात स्टीलचा गुळगुळीत बार असतो. तार वाजत असतानाच पेडल दाबलं की तिचा सूर चढतो. १९५४ साली गाजलेल्या वेब पियर्स यांच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्स यांनी ही करामत केली आणि पुढे कितीतरी वादक तिच्या मागे लागले.

मीही लागलो, पण किंमत ऐकून थबकलो. नवं वाद्य परदेशातून मागवायचं तर वाहतूक आणि सीमाशुल्क धरून खर्च लाखाच्या वर जात होता. मग ठरवलं, हे वाद्य ज्या हवाईयन गिटारमधून वाढलं, तिथूनच सुरुवात करू. आपल्याकडे पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी तारेवर बार फिरवण्याची हीच पद्धत रागसंगीतात आणली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ती ऐकायला मिळते.

घरात धूळ खात पडलेली साधी गिटार काढली. तारा उचलून धरणारी धातूची पट्टी नटवर बसवली, एक बार घेतला आणि गिटार मांडीवर आडवी ठेवली. खर्च काही शेकड्यांतच भागला. पण उत्साहाच्या भरात जाड तारा फार चढवल्या आणि एका सकाळी घोडी उखडून आलेली दिसली! दुरुस्तीनंतर शहाणा झालो. डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी असं लावलं. यात एकही तार नेहमीपेक्षा वर चढवावी लागत नाही.

बार पडद्याच्या बरोबर वर धरायचा. पाचव्या पडद्यावर मध्यम, सातव्यावर पंचम, बाराव्यावर तार षड्ज. केसभर सरकला की बेसूर! सावरून घ्यायला पडदा नाही, फक्त कान. म्हणून रोज अर्धा तास तंबोरा लावून या तीनच जागा घोटल्या. बारामागची बोटं तारांवर हलकेच टेकवली की खरखरही थांबते.

वर्षभरानं एका परिचितांच्या पेडल स्टीलवर बसायला मिळालं. पायांचा पार गोंधळ उडाला. बार मात्र नेमका जागेवर थांबला. पहिली दोन पेडलं एकत्र दाबली आणि ज्या मध्यमाच्या सुरावटीसाठी मी पाच पडदे सरकत होतो, ती हात न हलवता जागच्या जागी उमटली. त्या घटकेला पेडल कशासाठी असतं, ते कळलं.

पैसे अजून साठवतो आहे. तंबोरा मात्र रोज लागतो.