आधी हिशेब, मग दुरुस्ती



बचत गटाच्या पंचसूत्रीत दप्तर लेखन शेवटी येतं. ते आम्ही कसं विसरलो, ते आज सांगतो.

आमचा हिशेब आधी रजिस्टरमध्ये असायचा. मग तो सचिव ताईंच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवू लागलो. बेरजा आपोआप होतात म्हणून रजिस्टर मागे पडलं, पासबुकंही कोरी राहिली. सोयाबीन निघायच्या दिवसांत एका संध्याकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. पडद्यावर रिकव्हरीची यादी आली. एक बटण दाबलं. काम अर्ध्यावर गेलं आणि कॉम्प्युटर बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. असं चार वेळा झालं. तेव्हा एक जण म्हणाली, "अव माय, हिशेब गेला का आपला?"

पेरणीच्या कर्जाचे हप्ते कुणी किती भरले, ते फक्त त्यातच होतं. एक म्हणे भरला, दुसरीला आठवेना. तीन दिवस गटात कुणी कुणाशी नीट बोललं नाही.

मग ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने आधी दुरुस्ती केलीच नाही. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली आणि हिशेबाची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. आमच्या जिवात जीव आला. नंतर पेटी उघडली, तर पंख्यात धूळ आणि कुटार! आतला भाग फार तापला की कॉम्प्युटर स्वतःला वाचवायला बंद होतो. रिकव्हरीत काम जास्त, म्हणून तो मध्येच बंद पडायचा. सफाई केली आणि रिकव्हरी पूर्ण झाली.

आम्ही दाबलं होतं ते 'सिस्टीम रिस्टोअर'. त्यात आपल्या फाइल जात नाहीत. पण रिकव्हरीतच 'रिसेट'ही असतं. त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडलं, तर सगळं पुसलं जातं.

म्हणून मैत्रिणींनो, एवढं ध्यानात ठेवा. रिकव्हरी एकदा अडली की पुन्हा पुन्हा दाबू नका. आतून टकटक आवाज आला तर हार्ड डिस्क खराब होत असू शकते. लगेच बंद करा. प्रिंटर, पेन ड्राइव्ह काढून ठेवा. लाइट जाण्याच्या वेळी रिकव्हरी करू नका. मध्येच लाइट गेली तर बिघाड वाढू शकतो. आणि मेकॅनिकला पहिलं वाक्य हेच सांगा: "भाऊ, आधी आमची फाइल काढून द्या."

आता आमच्या बैठकीत आधी रजिस्टर आणि पासबुक भरतो, सह्या घेतो, मग कॉम्प्युटर. फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर अध्यक्ष ताईंच्या घरी असते. तो हप्ता भरलेला होता, हे फाइलमध्ये निघालं. ज्या ताईवर शंका घेतली, तिची आम्ही भर बैठकीत माफी मागितली.

तुमच्या गटाचा हिशेब किती ठिकाणी आहे? येत्या बैठकीत नक्की विचारा.